दोनच बटनं

मेघाच्या लग्नाची पत्रिका सदाशिवरावांनी उभ्याउभ्याच वाचली, उलटी करून मागची बाजू पाहिली आणि टेबलावर टाकली.

"जायचं नाई," ते म्हणाले.

"मी काई म्हटलं का?" सुलोचनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"म्हणाच्या आधीच सांगून राह्यलो. तुह्या भावाच्या दारात मी पाय ठेवत नाई, अन् माह्या घरचंही कोणी ठेवणार नाई."

सुलोचनाबाईंनी पत्रिका उचलली, तिच्यावर नसलेली धूळ पदरानं पुसली आणि त्या आत निघून गेल्या.

भांडण जुनं होतं आणि त्याच्या मुळाशी एक पँटपीस होता. मुलगा धीरज याच्या लग्नात सुलोचनाबाईंचा भाऊ चिंधू यानं आहेर केला. बाकी जावयांना पँटपीस आणि शर्टपीस मिळाला, सदाशिवरावांच्या पिशवीत नुसता शर्टपीस निघाला. दुकानदार टाकायला विसरला, असं चिंधूचं म्हणणं. अर्धा मान म्हणजे पूर्ण अपमान, असं सदाशिवरावांचं म्हणणं. चिंधूनं मागाहून पँटपीस पाठवला, तो यांनी आल्या पावली परत केला. शर्टपीसचा मात्र शर्ट शिवला. तो आता कॉलरला विरतही आला होता, पण अपमान अजून कोरा करकरीत होता. तळेगाव हे गाव सदाशिवरावांनी तेव्हापासून जिल्ह्यातून वगळून टाकलं होतं.

मेघा ही त्या चिंधूची मुलगी. तिची आई सारखी आजारी, म्हणून मेघानं हायस्कूलची वर्षं सेलूला आत्याकडे काढली होती. सुलोचनाबाईंना पोटची मुलगी नव्हती. शाळेच्या आधी मेघाच्या दोन वेण्या घालताना त्या काय काय बोलत ते सदाशिवरावांनी कधी ऐकलं नाही, कारण त्या वेळी ते ड्यूटीवर असत.

ड्यूटी म्हणजे एसटीची. बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची उभी हयात गेली, आणि तालुक्यात त्यांना कोणी नावानं ओळखत नसे. कंट्रोलर साहेब. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागेल, कधी सुटेल, कोण खिडकीशी बसेल, सगळं त्यांच्या एका शिट्टीवर. निवृत्त झाल्यावर शिट्टी जमा करावी लागली, पण फुंकायची सवय राहिली. घरात भाजी कोणती होईल, कूलर किती वाजता लागेल, सून दिपाली कोणत्या रंगाची साडी नेसून शाळेत शिकवायला जाईल, याचं वेळापत्रक तेच ठरवत. दिपाली "हो बाबा" म्हणे आणि दुसरीच साडी नेसे. सुलोचनाबाई "हो" म्हणत आणि तसंच करत.

दोन हजार चारचा तो उन्हाळा होता. मे महिन्यात सेलूत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. सदाशिवरावांची दुपार जाता जाईना. शेजारच्या बबनरावांचं स्टेशनरीचं दुकान उन्हात बंद, पेपर दोनदा वाचून झालेला. अशा एका दुपारी त्यांची नजर टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेल्या यंत्राकडे गेली.

ते धीरजनं आणलेलं होतं. धीरज बुटीबोरीला कंपनीत जाई. वर्ध्याच्या प्रदर्शनातून त्यानं हा व्हिडिओ गेम घेतला, दोन-चार दिवस बायकोबरोबर खिदळत खेळला आणि मग शिफ्ट बदलल्यावर विसरला. एक डबा, दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट, जिच्यावरची अक्षरं कोणालाच वाचता येत नव्हती. कॅसेटमध्ये माणसं एकमेकांना मारत, बस. त्या दिवसांत सदाशिवरावांनी या खेळाला "रिकामचोट धंदे" म्हटलं होतं. आता घरात तेच एक रिकामे होते.

त्यांनी एक दांडगा पैलवान निवडला. समोर यंत्रानं एक हडकुळा पोरगा उभा केला. पोरग्यानं वाकून नमस्कार केला आणि कंट्रोलर साहेबांना धू धू धुतलं. ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा झोपले. आठवडाभर रोज दुपारी त्या पोरग्यानं आधी नमस्कार करायचा आणि मग तुडवायचं, असा क्रम चालला. शेवटी सदाशिवरावांच्या लक्षात आलं की या खेळात यंत्राऐवजी माणूसही समोर घेता येतो. आणि ज्याला आपण नक्की हरवू असं माणूस घरातच होतं.

"अवं धीरजची माय! इकडं ये. हे धर."

सुलोचनाबाईंचे हात कणकेचे होते. "मले नाई येत हे."

"येत नाई म्हणूनच बलावून राह्यलो. पाह्य, दोनच बटनं हायेत. हे दाबलं का बुक्की, हे दाबलं का लाथ. डाव्या अंगठ्यानं पुढं दाबलं तं पुढं जाते, वर दाबलं तं उडी मारते, खाली दाबलं तं बसते. मागं दाबून धरलं तं समोरच्याचा मार अडवते."

"एवढंच?"

"एवढंच. तुह्यासारखीलेही समजन."

सुलोचनाबाईंनी हात धुतले, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि खाली बसल्या. माणूस निवडायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या चौकटीत जो उभा होता तो, पांढऱ्या दाढीचा किडकिडीत म्हातारा, त्यांच्या वाट्याला आला.

पहिले काही डाव सदाशिवरावांनी फटाफट जिंकले. पैलवान उड्या मारत येई आणि म्हातारा आडवा होई. जिंकलं की पैलवान छाती बडवून दाखवी. सदाशिवरावांना फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बायकोला स्वतःहून हाक मारली. तिसऱ्या दिवशीही मारली. आणि त्या तिसऱ्या दिवशी पैलवानानं नेहमीची उडी घेतली तेव्हा म्हातारा जागचा हललाच नाही. पैलवान खाली येतोय तोच त्यानं पाय वर केला.

पैलवान उताणा.

"चुकून लागली," सुलोचनाबाई म्हणाल्या.

पुढच्या उडीलाही ती चुकून लागली. त्याच्या पुढच्या उडीलाही. संध्याकाळचा चहा झाला तेव्हा सदाशिवराव हरलेले होते, आणि सुलोचनाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. या बाईला हसताना पाहून किती काळ लोटला याचा हिशेब सदाशिवरावांना लागेना. लागेना म्हणून त्यांना राग आला.

"रिमोट खराब हाये माहा. बदल."

रिमोट बदलला. ते हरले. मग त्यांनी बसायची बाजू बदलली, कारण डावीकडून उजेड डोळ्यावर येत होता. ते हरले. मग दोघांनी माणसं बदलली, म्हातारा त्यांनी घेतला आणि पैलवान तिला दिला. आता तो पैलवान, ज्यानं त्यांच्या हातात माकडासारख्या उड्या मारल्या, तिच्या हातात खांबासारखा उभा राहिला. बटनं तीच, बोटं दुसरी, आणि मधला माणूसच बदलून गेला.

"कशी करतं तू हे?" शेवटी न राहवून त्यांनी विचारलं.

"काय करते? लाथ लांब जाते, पण पाय वापस यायले येळ लागते. तेवढ्यात बुक्की बसते. बुक्की लवकर जाते, पण जवळ गेल्याबिगर लागत नाई. बसलं तं वरची लाथ डोक्यावरून जाते."

"अन् उडी?"

"उडी मारल्यावर मधात वळता येते का तुमाले? वर गेलं का कुठं पडणार ते दिसतेच."

"हे कोणी शिकवलं तुले? दिपालीनं?"

"कोण शिकवन? तुमीच तं रोज उड्या मारून राह्यले माह्यासमोर."

सदाशिवरावांना हे पटलं नाही. दोन बटनांत एवढं काही असू शकतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. कुठंतरी तिसरं बटन असलं पाहिजे, निदान छुपी किल्ली. त्यांनी बबनरावांना गाठलं. बबनरावांनी वर्ध्याच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पोरांना खेळताना पाहिलं होतं, एवढ्या भांडवलावर ते तज्ज्ञ झाले.

"हाये ना छुपा डाव! खाली, पुढं अन् बुक्की, एका झटक्यात. तोंडातून आग निघते."

दोन दिवस सदाशिवरावांनी आपला पैलवान परत घेऊन खाली-पुढं-बुक्की घोटलं. अंगठ्याला फोड आला, पण आग निघाली. ती पाहून त्यांना बसस्थानकावर पहिली शिट्टी वाजवल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला बसवलं आणि आग ओकायला सुरुवात केली. अडचण अशी की आग ओकण्याआधी पैलवान क्षणभर खाली वाकून फुगे. म्हाताऱ्याला तेवढा क्षण पुरे होता. तो शांतपणे येऊन फुगलेल्या पैलवानाच्या नाकावर बुक्की मारी, आणि आग आतल्या आत विझे.

"छान दिसते पण आग," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

मग नियम सुरू झाले. नियम करणं हा तर साहेबांचा प्रांत.

"खाली बसून लाथ मारायची नाई. हे रडीचं खेळणं झालं."

"बरं."

त्यांनी उभ्यानं लाथ मारली आणि जिंकल्या.

"मार अडवायचा नाई. मर्दासारखं लढायचं."

"मी कायले मर्दासारखी लढू?" असं त्या म्हणाल्या, पण मागं दाबायचं त्यांनी सोडलं. अडवायचं नाही म्हटल्यावर त्या मार लागेल इतक्या जवळ उभ्याच राहिनात. पैलवानाची लाथ संपते तिथून बोटभर अंतरावर म्हातारा उभा राही. लाथ हवेत जाई, म्हातारा एक पाऊल पुढं येऊन बुक्की मारी आणि परत आपल्या जागी.

"आता लाथच बंद. नुसती बुक्की."

नुसत्या बुक्कीनंही त्या जिंकल्या. थोडा वेळ लागला इतकंच. एकेक गोष्ट काढून घेतली तरी उरलेल्या गोष्टीत ही बाई भागवते कशी, हे सदाशिवरावांना कळेना. खरं तर त्या घरात त्यांना हे फार आधी कळायला हवं होतं.

"तुमी लाथ माराच्या आधी खालचा ओठ चावता," एकदा सुलोचनाबाईंनी सांगून टाकलं. "अन् एक डाव हरले का दुसऱ्यात पयले उडीच मारता. नेहमीचंच हाये तुमचं."

"नेहमीचं म्हंजे?"

"काई नाई."

त्या दिवसापासून ते तोंडावर रुमाल बांधून खेळू लागले.

रुमाल बांधून व्हिडिओ गेम खेळणारा माणूस लपून राहत नाही. दिपालीनं नळावर सांगितलं, नळावरून ते गल्लीत आलं. दुपारी एकेक जण "कूलरची हवा घ्यायले" म्हणून येऊन बसू लागला. बबनराव तर दारातच खुर्ची टाकत. म्हाताऱ्याची बुक्की बसली की बाया "वा वं सुलोचनाबाई!" म्हणत, आणि सुलोचनाबाई पडद्यावरून नजर न काढता लाजत. डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला हे त्यांच्या ध्यानातही नसे.

"कंट्रोलर साहेब," एका दुपारी बबनराव म्हणाले, "कंट्रोल आता कोणाच्या हाती हाये?"

सगळे हसले. सदाशिवरावांनी तोंडावरचा रुमाल सोडला.

"हसा! लेडीज हाये म्हणून सोडून राह्यलो आतापरेंत. रविवारी या सगळे. सगळ्या बटनांनी खेळू, नियम नाई, काई नाई. तीन डावांत दोन जिंकन तो जिंकला. हरलो तं मी सोता हिले घेऊन तळेगावले जाईन! चिंधूच्या मांडवात बसून जेवीन!"

बबनराव खुर्चीत सरळ बसले. पँटपीस सगळ्या गल्लीला माहीत होता. सुलोचनाबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"खरं?"

"कंट्रोलरचा शब्द हाये."

लग्न मंगळवारी होतं.

शनिवारी सदाशिवराव अंगणात आले तेव्हा दोरीवर एक जांभळी साडी वाऱ्यावर टाकलेली होती. ट्रंकेतली, ठेवणीतली. शेजारी सुलोचनाबाई मोगऱ्याला पाणी घालत काहीतरी गुणगुणत होत्या. ही बाई आत्ताच जिंकून बसली आहे, आपण खेळायचं ते फक्त उपचारापुरतं, हे सदाशिवरावांच्या एकदम लक्षात आलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी फोन वाजला. सुलोचनाबाई नळावर होत्या. नळ आला की तासाभराशिवाय बाई मोकळी होत नसे.

"मामाजी, मी मेघा," पलीकडून आवाज आला. "आत्या हाये का?"

"नाई."

"आत्या येऊन राह्यली ना, मामाजी? आईचं काई खरं नाई, उठूनही बसत नाई ती. माह्या डोक्यावरून हात फिरवाले कोणीतरी पाहिजे ना..." पुढचं रडण्यात गेलं.

"पाहू," सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. सुलोचनाबाई हंडा घेऊन आत आल्या तेव्हा ते पेपर वाचत होते.

"कोणाचा फोन होता?"

"राँग नंबर."

दुपारी खोलीत मावेनात इतके लोक जमले. धीरजनं सुटीचा दिवस म्हणून कूलर ओला करून ठेवला होता. पहिला डाव सुलोचनाबाईंनी घेतला. दुसऱ्यात सदाशिवरावांनी, सगळ्यांना नवल वाटलं, एकही उडी मारली नाही. ते मागं दाबून उभे राहिले, वाट पाहिली, आणि म्हाताऱ्याची लाथ हुकल्याबरोबर बुक्की हाणली. डाव त्यांचा झाला. सुलोचनाबाईंनी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. शाळेतलं पोर पहिल्यांदा पाढा न चुकता म्हणतं तेव्हा गुरुजी डोलावतात तशी. सदाशिवरावांना क्षणभर ती मान फार आवडली.

तिसऱ्या डावात मात्र म्हातारा भारी पडू लागला. पैलवानाचा जीव एका बुक्कीपुरता उरला. पैलवान मागं सरत भिंतीला टेकला, म्हातारा हळूहळू पुढं येत होता, आणि बत्ती गेली.

"लोडशेडिंग!" सदाशिवराव जवळपास ओरडलेच. "डाव रद्द!"

"असं कसं? वयनी जिंकल्याच होत्या," बबनराव म्हणाले.

"जिंकल्या होत्या कसं म्हणता? गाडी फलाटाले लागल्याबिगर पोचली असं लिहित नसतात. बत्ती आली का तिसरा डाव नवा."

कूलर बंद पडलेला, बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, तरी कोणी उठलं नाही. सुलोचनाबाईंनी सगळ्यांना कैरीचं पन्हं दिलं. नवऱ्याच्या हातात पेला देताना त्या हळूच म्हणाल्या, "दुसरा डाव चांगला खेळले तुमी."

सदाशिवरावांनी पेला घेतला. नवा डाव झाला तरी आपण हरणार हे त्यांना आतून माहीत होतं. आणि नेमकं तेव्हा, घाम पुसता पुसता, त्यांना तिसरं बटन सापडलं.

बत्ती आली. डाव सुरू झाला. म्हातारा आणि पैलवान एकमेकांच्या अंतराबाहेर पुढं-मागं, पुढं-मागं होऊ लागले. सुलोचनाबाईंचा डावा अंगठा मागच्या बाजूला अलगद टेकलेला होता.

"सकाळचा तो राँग नंबर नव्हता," सदाशिवराव पडद्याकडे पाहत म्हणाले. "मेघा होती. रडून राह्यली होती तुह्यासाठी."

अंगठा सुटला. पैलवानानं लाथ मारली. म्हातारा उभा होता तसाच उभा राहिला. पैलवानानं बुक्की मारली, लाथ मारली, पुन्हा लाथ मारली, आग ओकली. आग पहिल्यांदाच पूर्ण निघाली. म्हातारा आडवा झाला आणि पैलवान छाती बडवू लागला.

"जिंकलो!" सदाशिवरावांनी दोन्ही हात वर केले. "जिंकलो का नाई? सांगा!"

बबनराव चपला शोधू लागले.

"खरंच आलता फोन?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"आलता."

"अन् मले सांगतलं नाई?"

"आता सांगतलं ना."

सुलोचनाबाईंनी रिमोटची वायर नीट गुंडाळली, रिमोट डब्यावर ठेवला आणि त्या पन्ह्याचे पेले गोळा करू लागल्या.

सोमवारी सकाळी सदाशिवराव दाढी करत असताना त्या जांभळी साडी नेसून, हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या. मागे दिपाली. अंगणात धीरज मोटारसायकल पुसत होता.

"हे काय? शरत मी जिंकलो!"

"हो. तुमी जिंकले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "हरले असते तं तुमाले यावं लागलं असतं. जिंकले, आता नका येऊ. माह्या जाण्याची शरत कोणी लावली होती?"

सदाशिवरावांनी तोंड उघडलं. गालावरचा साबण त्यात गेला. ते थुंकून येईपर्यंत अंगण रिकामं झालं होतं.

ते दिवस सदाशिवरावांनी कसे काढले ते कोणाला ठाऊक नाही, कारण पाहायला कोणी आलं नाही. बबनरावांच्या दुकानात गेले तर बबनराव पेन्सिली मोजू लागत. घरी येऊन ते यंत्र लावत. हडकुळा पोरगा नमस्कार करी. आता सदाशिवराव वाट पाहायला शिकले होते. कोणत्या लाथेनंतर पोरग्याचा पाय उशिरा परत येतो ते त्यांना दिसू लागलं होतं. त्यांनी त्या पोरग्याला हरवलं. त्याच्या पुढच्यालाही हरवलं. प्रत्येक वेळी ते शेजारी पाहत, मान कोणी डोलावली का म्हणून. यंत्राला मान नव्हती.

घरची मंडळी परतली ती आठवड्याच्या शेवटी. सुलोचनाबाईंच्या हातावर मेंदी होती. त्या दिपालीशी बोलत होत्या, मेघा कशी दिसत होती, नवरदेव कसा लाजत होता, आईनं पोरीला खाटेवरूनच कसा आशीर्वाद दिला. सदाशिवराव दारात आले तसं बोलणं थांबलं.

"चहा पाहिजे का?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

त्या चहा देत होत्या, जेवण देत होत्या, औषधाची आठवण करत होत्या. कुठंच काही कमी नव्हतं. त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची हे सदाशिवरावांना कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डबा पुसला, वायरी लावल्या आणि चांगला रिमोट बायकोच्या जागेवर ठेवला.

"धीरजची माय, येतं का? सगळे बटनं चालतीन."

सुलोचनाबाई आल्या. बांगड्या वर न सारता बसल्या. सदाशिवराव पाठ सरळ करून सावध बसले. आता त्यांनाही खेळ कळत होता. अंतर कळत होतं, हूल कळत होती. आता खरी मजा होती.

पैलवान पुढं गेला. म्हाताऱ्यानं एक लाथ मारली, कुठंही. पैलवानानं बुक्की मारली, ती लागली. पुन्हा मारली, पुन्हा लागली. म्हातारा आडवा झाला. दुसरा डावही तसाच गेला. पुढचाही.

"अवं, अडव ना!"

"अडवून राह्यली."

"कुठं अडवून राह्यली? मनापासून खेळ."

"खेळून राह्यली ना. जिंकले ना तुमी?" त्या खिडकीतून बाहेर, वाळत घातलेल्या सांडग्यांकडे पाहत होत्या. "रात्री वांग्याची करू का चवळीची?"

"तुले वाटते ते कर," सदाशिवराव म्हणाले. असं वाक्य त्या घरात त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

पुढच्या डावात सदाशिवरावांनी चुकून एक लाथ मारली आणि मग बटनावरचा अंगठा उचलून घेतला. पैलवान थांबला. म्हाताराही उभाच होता. सुलोचनाबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला होता आणि त्या हातावरची फिकी झालेली मेंदी नखानं खरवडत होत्या. पडद्यावर दोघं समोरासमोर उभे राहिले, नुसते खाली-वर हलत, श्वास घेतल्यासारखे. कोपऱ्यातले आकडे उतरत गेले. सदाशिवरावांना काहीतरी बोलायचं होतं. ते कोणत्या बटनावर आहे ते त्यांना सापडेना.

वेळ संपला. पैलवानाची एक लाथ जास्त भरली होती, म्हणून यंत्रानं त्याला विजयी ठरवलं. घंटा वाजली. पैलवान छाती बडवू लागला.

"झालं?" सुलोचनाबाईंनी विचारलं, आणि त्या चवळी निवडायला उठल्या.